‘हायपो’ यादीत नाव कोणाचं? नेतृत्वक्षमता ओळखण्याचा खटाटोप, सोप्या भाषेत

मार्चअखेर उलटली की चाकणचा कारखाना असो की हिंजवडीचं आयटी पार्क, कुजबुज एकच असते. पत्र आलं का, किती टक्के मिळाले, आणि मग आवाज खाली आणून, ‘तो कसा काय झाला मॅनेजर? माझ्यामागून आलाय.’

या प्रश्नाच्या पलीकडच्या खुर्चीत मी बरीच वर्षं बसलो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, एचआरमध्ये. पुढे कोणाला न्यायचं याची यादी करणाऱ्यांत मी होतो, आणि त्या यादीने माती खाल्लेलीही पाहिली आहे.

## यादी होते कशी?

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत वर्षातून एकदा बंद दाराआड बैठक बसते. विभागप्रमुख, एचआरचे दोघं-तिघं आणि पडद्यावर नऊ घरांचा तक्ता. आडव्या बाजूला कामगिरी: कमी, बरी, उत्तम. उभ्या बाजूला क्षमता: कमी, बरी, उत्तम. तीन त्रिक नऊ. प्रत्येकाचं नाव कुठल्यातरी घरात टाकायचं. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या घरात जे पडतात ते ‘हाय पोटेन्शियल’, बोलताना ‘हायपो’. डार्करूममध्ये फोटो धुतलेल्या मंडळींना हायपो म्हटल्यावर वेगळंच काही आठवेल. ते रसायन निदान ठरलेलं काम चोख करायचं.

हा तक्ता मुळात माणसांसाठी नव्हताच. १९७० च्या दशकात मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने जनरल इलेक्ट्रिकसाठी असा नऊ घरांचा तक्ता केला. कोणत्या धंद्यात पैसा ओतायचा आणि कोणता आटोपता घ्यायचा, हे ठरवायला. पुढे धंद्यांच्या जागी माणसं बसली.

गोंधळ होतो तो उभ्या बाजूला. कामगिरी म्हणजे झालेलं काम. किती नग, किती विक्री, किती तक्रारी. क्षमता म्हणजे जे काम माणसाने अजून केलेलंच नाही, ते तो कसं करेल याचा अदमास. पहिली पावती आहे, दुसरा हवामानाचा अंदाज. आणि बैठकीत बहुतेक जण पावती बघूनच अंदाज सांगतात.

## मामा सुपरवायझर झाले तेव्हा

आमच्याकडे मेंटेनन्सला एक फिटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. प्रेस बंद पडला की मामा स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि दोन मिनिटांत सांगायचे कुठलं बेअरिंग गेलंय ते. त्यांचं चुकलेलं मला आठवत नाही. साहजिकच त्यांना सुपरवायझर केलं. पेढे वाटले, फोटो काढला, तो नोटीस बोर्डावर लागला.

तीनेक महिन्यांनी दुसऱ्या पाळीत मी शॉप फ्लोअरवर गेलो. ब्रेकडाउन होता. मामा मशीनच्या पोटात कमरेपर्यंत शिरलेले, बाहेर फक्त पाय. भोवती चार फिटर उभे. एकाच्या हातात बॅटरी, एकाच्या हातात पाना, उरलेले दोघं नुसते. पलीकडे दुसरी लाइन चाळीस मिनिटांपासून बंद होती आणि तिथे कोणीच गेलं नव्हतं, कारण ‘मामा मोकळे झाले की बघतील’.

आमचा एक पहिल्या नंबरचा फिटर गेला आणि चार फिटर बॅटरी धरायला लागले, एवढाच त्या बढतीचा हिशोब. दोष मामांचा नव्हता. स्वतः काम करणं आणि चौघांकडून करून घेणं हे दोन वेगळे धंदे आहेत, हे आम्हीच त्यांना सांगितलं नव्हतं. आम्हाला तरी कुठे उमगलं होतं?

## हे फक्त आमच्याकडेच होतं का?

नाही. या रोगाला नावही आहे: पीटर प्रिन्सिपल. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ साली याच नावाच्या पुस्तकात ते मांडलं. म्हणणं सोपं आहे. चांगलं काम केलं की बढती, तिथेही चांगलं केलं की पुन्हा बढती. असं करत माणूस अशा खुर्चीवर पोहोचतो जिथलं काम त्याला जमत नाही. मग बढत्या थांबतात आणि तो तिथेच राहतो. लिहिलं होतं थट्टेच्या सुरात, म्हणून पुष्कळांनी हसून सोडून दिलं.

त्याला आकड्यांचा आधार बऱ्याच उशिरा मिळाला. अॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या तीन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या शंभराहून जास्त कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. २०१९ साली हे काम प्रसिद्ध झालं. विक्री निवडण्याचं कारण उघड आहे, तिथे प्रत्येकाचा आकडा कागदावर असतो. जो सर्वाधिक माल विकतो त्याला मॅनेजर करण्याकडे कंपन्यांचा कल दिसला. पण मॅनेजर झाल्यावर त्याच्या हाताखालच्यांची विक्री बघितली, तर आधीचे हे शूर सरदार इतर मॅनेजरांच्या मागे पडत होते. उलट ज्यांनी आधी दुसऱ्यांच्या जोडीने सौदे पुरे केले होते, ते मॅनेजर म्हणून बरे निघाले.

मग कंपन्या असं का करतात? सगळ्याच काही बावळट नसतात. आकडा सर्वात मोठा असूनही खुर्ची दुसऱ्याला दिली, तर उरलेले म्हणणार, ‘मग मरमर कशाला करायची?’ बढती हे बक्षीस आहे तोवर ती काम बघूनच द्यावी लागते. आमच्याकडे एकाच पाकिटात दोन वस्तू घातल्या होत्या: शाबासकी आणि नवीन नोकरी.

## ‘मग हुशार माणूस नेता होऊच नये का?’

हा आक्षेप हमखास येतो, आणि क्रिकेटशिवाय आपल्याला त्याचं उत्तर पटत नाही.

सचिन तेंडुलकरने २५ कसोटींत कर्णधारपद केलं. ४ जिंकल्या, ९ हरल्या, बाकी अनिर्णित. त्याच्या फलंदाजीबद्दल बोलायला नकोच. दुसरीकडे इंग्लंडचा माइक ब्रिअर्ली. कसोटीत सरासरी २३ च्याही खाली, नावावर शतक एकही नाही. पण ३१ कसोटींत त्याने नेतृत्व केलं, १८ जिंकल्या आणि हरल्या फक्त ४. एकाला बॅट विचारत होती, दुसऱ्याला माणसं.

यावर कोणी म्हणेल, सचिनच्या हाती दिलेला संघच तेव्हा तेवढा होता. बरोबर आहे. नेत्याचं यश आणि संघाचं बळ वेगळं काढणं महाकठीण असतं, आणि नऊ घरांच्या तक्त्यात हीच चूक रोज होते. ज्याच्याकडे नव्या मशीनची लाइन आहे त्याचे आकडे चांगले दिसतात आणि तो ‘हायपो’ ठरतो.

उत्तम काम करणारा उत्तम नेता होऊ शकतो, होतोही. कामाची समज नसलेल्या साहेबाला फिटर पहिल्याच आठवड्यात ओळखतात, नंतर त्याच्याशी गोड बोलतात आणि मनाला येईल ते करतात. मुद्दा एवढाच, की काम येणं ही आत शिरण्याची पायरी आहे. तिच्यावरून वरचा मजला दिसत नाही.

## बघायचं तरी काय?

एका जुलैतली सकाळ. पावसाने कंपनीची बस तळवड्याच्या अलीकडे अडकली आणि पॅकिंगमधली अकरा माणसं आलीच नाहीत. त्या दिवशी गाडी भरून जायचीच होती. पॅकिंगमध्ये एक ताई होत्या, पद काही नाही, साध्या ऑपरेटर. त्यांनी कोणाला विचारलं नाही. स्टोअरमधून दोन पोरं मागून आणली, मोठे खोके आधी लावायला घेतले, आणि एका नवीन मुलीला लेबलं चिकटवायला बसवताना म्हणाल्या, ‘चुकलं तर माझ्याकडे आण, साहेबांकडे जाऊ नको.’ दुपारी तीनला गाडी गेटबाहेर पडली.

संध्याकाळच्या रिपोर्टात काय लिहिलं होतं? ‘डिस्पॅच नॉर्मल.’

मला ही ओळ अजून टोचते. नीट सांभाळलेला दिवस कागदावर उमटत नाही. आग लावून मग विझवणाऱ्याचं नाव होतं; ज्याने आग लागूच दिली नाही त्याचा रकानाच नसतो. म्हणून क्षमता शोधताना रिपोर्टापेक्षा माणसांच्या येण्या-जाण्याकडे बघावं. अडलं की लोक न सांगता कोणाकडे जातात? वाईट बातमी साहेबाच्या कानावर लवकर कोण घालतो, आणि कोण ती शनिवारपर्यंत दाबून ठेवतो? ज्याच्या हाताखाली हेल्पर लागला, तो हेल्पर वर्षभरात काही शिकला का?

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते: अनोळखी काम अंगावर पडल्यावर माणूस काय करतो. जाणकार मंडळी याला शिकण्याची चपळाई म्हणतात. कोणी पहिल्या चुकीनंतर विचारून घेतो, कोणी तीच चूक जास्त जोरात करतो. ताईंच्या त्या वाक्यात मला अख्खं प्रकरण दिसलं. चुकीची जबाबदारी स्वतःकडे आणि समोरच्या मुलीला हात मोकळे.

## पाच दिवसांत माणूस कळतो?

हे सगळं ठरवून तपासण्याची पद्धत आपल्या देशात रोज चालू आहे. सैन्याचं अधिकारी निवड मंडळ, म्हणजे एसएसबी. महाराष्ट्रातल्या मुलांना हे नाव पाठ असतं. खडकवासल्याच्या एनडीएचं दार त्याच्या पलीकडे आहे, आणि त्यासाठी मुलं तयार करायला राज्य सरकारने १९७७ पासून तेव्हाच्या औरंगाबादेत वेगळी संस्थाही चालवली आहे.

मूळ दुसऱ्या महायुद्धातलं. ब्रिटिश सैन्य तोवर अधिकारी निवडायचं ते छोट्याशा मुलाखतीवर. घराणं कुठलं, शाळा कुठली. निवडलेले प्रशिक्षणातच गळू लागले, तेव्हा १९४२ मध्ये मानसशास्त्रज्ञांना सोबत घेऊन नवी मंडळं उभी राहिली. आपली पद्धत त्यांच्याच वळणाची.

पाच दिवस. पहिल्याच दिवशी बरेच जण घरी जातात. उरलेल्यांच्या छातीवर नंबर, नावाने कोणी हाक मारत नाही. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात पहिलं येईल ते लिही. चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावतात. शेवटचं चित्र म्हणजे कोरा कागद. मानसशास्त्रज्ञ हे लिखाण वाचूनच मत बनवतो.

मला सर्वात आवडतो तो मैदानातला भाग. आठ-दहा मुलांचा गट, एक फळी, एक बल्ली, एक दोर आणि समोर अडथळा, ज्याच्या काही भागांना हात-पाय लावायचा नाही. नेता कोणालाच नेमलेलं नसतं. अधिकारी बाजूला वही घेऊन उभा. कोण आधी ओरडतो ते तो बघतोच, पण दोर धरायला मागे कोण थांबतो, ज्याची कल्पना फसली तो रुसतो का, दुसऱ्याची कल्पना बरी असल्यावर आपली सोडतो का, तेही टिपत असतो. पुढे प्रत्येकाला थोडा वेळ कमांडर करतात आणि सोबतीला साथीदार निवडायला सांगतात. आठ जणांनी मिळून कोणाला वारंवार निवडलं, हे त्या वहीतलं फार बोलकं पान असावं.

कारखानदारांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. मुलाखत घेणारा, मानसशास्त्रज्ञ आणि मैदानावरचा अधिकारी हे तिघं आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. तोवर एकमेकांच्या कानाला लागत नाहीत. दुसरी गोष्ट, तिथे विचारलेल्या ‘तुम्ही काय कराल’ला प्रत्यक्ष करून दाखवण्याची जोड असते.

कंपन्यांनीही हे उचललं. अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने १९५६ पासून आपल्या तरुण व्यवस्थापकांना असं तपासलं आणि एक धाडस केलं: निकाल कुलूपबंद ठेवले. साहेबांनाही दाखवले नाहीत, म्हणजे त्या निकालाचाच परिणाम बढत्यांवर व्हायला नको. काही वर्षांनी उघडून बघितले, तर ज्यांच्याबद्दल ‘वर जाईल’ म्हटलं होतं ते खरंच इतरांपेक्षा जास्त प्रमाणात वर गेलेले होते. अचूक नाही, पण नाणेफेकीपेक्षा बरंच चांगलं.

छोट्या कंपनीला एवढा बारदाना परवडत नाही. गरजही नाही. सुपरवायझर रजेवर गेला की पंधरा दिवस एकाला जागा सांभाळायला द्यायची, पुढच्या वेळी दुसऱ्याला. अजित वाडेकरांना १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी भारताचं कर्णधारपद मिळालं, तेव्हा तो जुगार वाटला. पण वाडेकरांनी मुंबईचा संघ आधी सांभाळला होता. त्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकून ते परतले.

## साहेबाची नजर कुठे चुकते?

जास्त बोलणाऱ्यावर, सर्वात आधी. छोट्या गटांना एखादं काम देऊन ‘तुमच्यातला नेता कोण’ असं विचारलं, तर ज्याने जास्त वेळ तोंड चालवलं त्याच्याकडे बोट जातं, असं अभ्यासांत दिसलं आहे. काय बोलला याचा प्रश्न नंतरचा. आपल्या मीटिंगांत इंग्रजी सफाईने बोलणाऱ्याला यात आणखी वरचे गुण मिळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरी चूक बायकांच्या बाबतीत. वर आलेल्या बेन्सन-ली-श्यू या तिघांनीच उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीतले असेच नऊ घरांचे तक्ते तपासले. कामगिरीत बायकांना पुरुषांपेक्षा सरस गुण होते. क्षमतेच्या रकान्यात मात्र कमी. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष काम बघितलं तर क्षमतेचे तेवढेच गुण मिळालेल्या पुरुषांपेक्षा त्या सरस ठरल्या. म्हणजे पावती चांगली असूनही अंदाज मुद्दाम ढगाळ. आमच्या बैठकीतलं वाक्य ऐका: ‘बाई हुशार आहे, पण सहाला निघते.’ सहाला का निघते हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी साडेआठला पोहोचते, हे कोणी बोललं नाही.

## ‘त्यापेक्षा सेवाज्येष्ठता बरी!’

सरकारी नोकरीतले वाचक एव्हाना हेच म्हणत असतील. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ज्येष्ठता यादीत चमचेगिरी चालत नाही. तारीख ती तारीख. साहेबाची नजर एवढी कच्ची असेल तर तारखेवर विसंबलेलं काय वाईट? जिथे साहेबाच्या मर्जीशिवाय दुसरी कसोटीच नाही, तिथे मीही ज्येष्ठतेच्या बाजूने मत देईन. पण जागा आठवड्याला चार ब्रेकडाउनची असेल, तर तारीख लाइन चालू करून देत नाही.

‘नेता जन्मावा लागतो’ हे म्हणणारेही भेटतात. जुळ्यांच्या एका अमेरिकन अभ्यासात, कोण नेतृत्वाच्या पदांपर्यंत पोहोचतो यातल्या फरकाचा साधारण ३० टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडलेला दिसला. उरलेला बाहेरचा. आणि हा हिशोब पद मिळण्याचा आहे, ते नीट सांभाळण्याचा नाही.

## यादीत नाव असल्याचं सांगावं का?

सरकारी बाजूला कोर्टाने यावर बोलून ठेवलंय. सीमा रस्ते सेवेतले एक अभियंता देव दत्त यांची बढती अडली, कारण बढतीला ‘व्हेरी गुड’ शेरा लागत होता आणि एका वर्षी त्यांच्या गोपनीय अहवालात नुसता ‘गुड’ होता. हा शेरा त्यांना कळवलेलाच नव्हता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शेरा चांगला असो की वाईट, कर्मचाऱ्याला तो कळवला पाहिजे.

खाजगी कंपन्यांत मात्र यादी बहुधा गुपित राहते. सांगितलं तर निवडलेला डोक्यावर बसेल आणि न निवडलेला दुसरीकडे अर्ज टाकेल, ही भीती. भीती खोटी नाही, पण लपवूनही लपत नाही. ज्याला बाहेरगावच्या ट्रेनिंगला पाठवलं, ज्याच्याशी मोठे साहेब जिन्यात थांबून बोलले, त्याचं नाव चहाच्या टपरीवर आधी पोहोचतं.

आणि इथे खरा धोका आहे. ज्याच्यावर शिक्का बसला त्याला चांगली कामं, चांगले मार्गदर्शक, चुकांना माफी. मग तो पुढे जातो आणि आम्ही टेबलावर थाप मारतो, ‘बघा, आमचा अंदाज बरोबर!’ ज्याच्या नावावर शिक्का नाही त्याला तीच जुनी लाइन. मला विचाराल तर ही यादी दरवर्षी कोरी करून पुन्हा भरावी. आम्ही ती मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरवून काढायचो.

## ज्याला साहेब व्हायचंच नाही, त्याचं काय?

हा प्रश्न बैठकीत कोणी विचारत नाही. माणसाला विचारायचंच राहून जातं. काही कंपन्यांनी दोन शिड्या केल्या आहेत: एक माणसं सांभाळणाऱ्यांची, दुसरी कसबाची. दोन्हीकडे पगार आणि मान बरोबरीने वाढतो, निदान कागदावर. कसबाच्या शिडीवरच्या माणसाला केबिन आणि गाडी मिळते का बघावं, म्हणजे कंपनी खरं बोलतेय का ते कळतं.

मामांना आम्ही वर्षभराने सुपरवायझरपदावरून काढलं. पगार तोच ठेवला आणि ट्रेनिंग रूमला बसवलं, नवीन आयटीआयची पोरं शिकवायला. खरं सांगायचं तर ती आमची अडचणीची सोय होती. तक्त्यात आम्ही त्यांना खालच्या ओळीत सरकवलं होतं: नेतृत्वक्षमता, कमी.

पुढच्या पावसाळ्यात मी तिथे डोकावलो. टेबलावर एक जुनी मोटर घरघरत होती. एक पोरगा स्क्रूड्रायव्हर कानाला लावून वाकलेला, बाकीचे रांगेत. मामा मागे स्टुलावर, हात मांडीखाली दाबून बसलेले. ‘काय ऐकू येतंय?’ त्यांनी विचारलं. पोराने चुकीचं सांगितलं. मामांना उत्तर माहीत होतं, पाय हलत होता त्यांचा, पण ते बोलले नाहीत.

‘पुढच्याला दे,’ एवढंच म्हणाले.